साडूभाऊंची मोठी डिस्क

जालना जिल्ह्यात डोंगर असे फारसे नाहीतच, आणि जे काही उंचवटे आहेत ते सगळे आमच्या साडूभाऊंनी पन्नाशीला टेकल्यावर सायकलवर बसून, तोंडात धूळ घेत, उतरून संपवले, हे मी कुठल्याही सभेत उभं राहून सांगायला तयार आहे. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत बी उगवतं की नाही हे तपासण्याची त्यांची नोकरी. शंभर-शंभर दाण्यांचे चार गट ओल्या कागदात गुंडाळायचे, ठरलेल्या दिवशी कोंब मोजायचे, चारही गटांची सरासरी काढायची आणि मगच सही करायची. पंचवीस वर्षं हेच केल्यावर माणसाचं काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे. आंबा चार ठिकाणी चाखल्याशिवाय ते त्याला गोड म्हणत नसत. ताईंना, म्हणजे माझ्या मेहुणीला, बघायलाही ते चार वेळा गेले होते. तिसऱ्या खेपेला सासऱ्यांनी न राहवून विचारलं, "पाव्हणे, पोरीत काही कमी हाये का?" तर हे शांतपणे म्हणाले, "कमी काहीच न्हाई. तीन झाले, एक राह्यलं." चौथ्या खेपेचे पोहे खाऊन त्यांनी होकार दिला, आणि त्या निकालाबद्दल पुन्हा कधीही शंका घेतली नाही, हेही सांगायला हवं.

मी बँकेत कॅशवर बसणारा माणूस. समोरची रांग हलली पाहिजे एवढंच मला कळतं. त्यामुळे साडूभाऊंची चेष्टा करणं हा माझा सणासुदीचा उद्योगच होता. अशा माणसाला डोंगरावरून सुसाट खाली येण्याचा नाद कसा लागला, हे कोडं ताईंनाही सुटलं नाही. पुण्याला कुणा सहकाऱ्याच्या मुलाची सायकल त्यांनी एकदा टेकडीवरून उतरवली आणि परत आले ते तसली सायकल घेऊनच. जाडजूड टायर, पुढे मोटारसायकलसारखे शॉकॲब्सॉर्बर, दोन्ही चाकांना मधली पोलादी चकती चिमटून थांबवणारे डिस्क ब्रेक. दर रविवारी राजूरच्या पुढच्या डोंगरावर सायकल ढकलत न्यायची, माथ्यावर दोन केळी खायची आणि दगडगोट्यांतून खाली यायचं. बकऱ्या चारणारे म्हातारेबुवा त्यांना विचारायचे, "साहेब, रस्ता हाये की तिकडून! इकडून कामून उतरून राह्यले?" साडूभाऊ खाली पोचल्यावर मात्र जे हसत, ते मी त्यांच्या लग्नातही पाहिलेलं नव्हतं. एरवी हा माणूस फोटोतसुद्धा ओठ मिटून असतो.

अडचण झाली ती ब्रेकची. लांब उतारावर ब्रेक धरून धरून डिस्क इतकी तापे की तिच्यावर पाणी टाकलं तर चर्रर्र आवाज येई, आणि पायथ्याशी येईतो ब्रेक निम्माच लागे. डिस्क मोठी बसवायची एवढं ठरलं. पण केवढी? मूळची एकशे साठ मिलिमीटरची. पुढे एकशे ऐंशी की दोनशे तीन, या प्रश्नाने आमच्या दोन्ही घरांचे अकरा महिने खाल्ले. मला ते दाराशी नेऊन समजावत, "बघा पाव्हणे, दार बिजागरीपाशी धरून थांबवा, जोर लागतो. कडीपाशी धरा, एका बोटानं थांबतं. डिस्क मोठी म्हंजे चाक कडीपाशी धरल्यावानी. अन् ती जल्दी तापत बी न्हाई." मी म्हणे, "मग घ्या की मोठी!" की लगेच त्यांचा आवाज खाली येई, "तसं न्हाई. लई मोठी घेतली अन् पुढचं चाक एकदम धरलं, तर सायकल जाग्यावर अन् मी पुढं." मग पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कला केवढी झेपते, आपलं वजन किती, उतार किती, हे सगळं वहीत. लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यातून त्यांनी दोन्ही मापांच्या चकत्या कापल्या. तेवढ्याने समाधान होईना, तेव्हा मांडणीवरची बरोबर दोनशे तीन मिलिमीटरची फराळाची ताटली शोधून सुतळीने पुढच्या चाकाला बांधली आणि रोज संध्याकाळी समोर खुर्ची टाकून तिच्याकडे बघत बसले. दिवाळीला पाहुण्यांसमोर सहातली एक ताटली कमी पडली, तेव्हा ताईंनी ती चिवड्यासकट चाकावरच बांधून ठेवण्याची धमकी दिली होती.

शेवटी पुढे दोनशे तीन, मागे एकशे ऐंशी असं ठरलं. डिस्क आल्या, बसवल्या, आणि घरात फर्मान निघालं की त्यांना कुणी बोटसुद्धा लावायचं नाही. "हाताला तेल राहतं. डिस्कला तेल लागलं की ब्रेक गेलाच समजा." मी हे ऐकलं आणि त्यांच्या शंभर फर्मानांपैकी एक म्हणून सोडून दिलं. पहिला उतार दसऱ्याला उतरायचा, हेच यंदाचं सीमोल्लंघन, असं त्यांनी जाहीर केलं.

खंडेनवमीला आम्ही त्यांच्याकडेच होतो. ते प्रयोगशाळेत तराजू आणि यंत्रांच्या पूजेला गेले होते, ते रात्री उशिराच परतणार होते. ताईंनी घरातली विळी, कात्री, पाना-पक्कड मांडली, आणि मला वाटलं, ज्या वस्तूवर या माणसाचा एवढा जीव आहे ती पूजेवाचून का ठेवा? मी सायकलला झेंडूचा हार घातला. हळदीकुंकू लावायला त्या चकचकीत डिस्कपेक्षा चांगली जागा मला दिसेना. कुंकू पोलादावर ठरेना, म्हणून आधी खोबरेल तेलाचं बोट लावलं. पुढच्या डिस्कला पाच, मागच्या डिस्कला पाच. हात जोडले तेव्हा मला खरोखर भरून आलं होतं. दसऱ्याला सकाळी त्यांचं फर्मान आठवलं, तेव्हा ते उठायच्या आत जुन्या धोतराच्या फडक्याने सगळं पुसून टाकलं. दोन्ही डिस्क आरशासारख्या चमकू लागल्या आणि मी निश्चिंत झालो.

डोंगरावर साडूभाऊंनी पिशवीतून चुन्याची पुडी काढली. सायकलमध्ये काहीही बदललं की जमिनीवर चुन्याची रेघ मारायची, तिच्यावर ब्रेक दाबायचा, थांबायला किती जागा लागली ते टेपने मोजायचं, असं चार वेळा करायचं ही त्यांची रीत. मला घरी पुरणपोळी दिसत होती. मी म्हणालो, "साडूभाऊ, अकरा महिने तपासलंत. सणाच्या दिवशी तरी रेघा मारू नका. उतरा की एकदाचे!" ते माझ्याकडे पाहून हसले, पुडी परत पिशवीत ठेवली आणि म्हणाले, "बराबर हाये. आज तुमचं ऐकतो." जन्मात पहिल्यांदा त्यांनी काही न तपासता केलं, ते माझ्या शब्दाखातर.

पहिल्या वळणाशी त्यांनी दोन्ही ब्रेक दाबलेले मी पाहिले. सायकल थांबली नाही. ती सरळ गेली, बांधावर आपटली आणि साडूभाऊ पलीकडच्या कपाशीत पडले. मी धावत पोचलो तर धुळीने माखलेला हा माणूस पडल्या पडल्या म्हणतो, "पाव्हणे, दाबला होता ना मी बराबर?" गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. हात झोळीत अडकल्यामुळे त्यांना सायकलजवळ वाकता येईना. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला अंगणात पाठवलं. "तुमी बघून सांगा. डिस्कला काही लागलंय का?" मी वाकून पाहिलं. डिस्कच्या भोकाभोकांत तेलात कालवलेली हळद बसली होती. ताई दारात उभ्या होत्या. आत जाऊन मी म्हणालो, "काही नाही. स्वच्छ आहे."

त्यांनी डाव्या हाताने वहीत लिहिलं, डिस्क स्वच्छ, निवड चूक. माझ्या डोळ्यांसमोर लिहिलं.

हाड तीन महिन्यांत जुळलं. पण ज्याने अकरा महिने विचार करून काढलेला निकाल चुकला, तो माणूस स्वतःवर विश्वास ठेवीनासा झाला. प्रयोगशाळेत सही करण्याआधी तो धाकट्या सहकाऱ्यांना विचारू लागला, "जरा तुमी बी बघता का?" बाजारात भेंडी घेतानाही ताईंकडे पाहू लागला. सायकल त्याने संभाजीनगरच्या कुणाला देऊन टाकली. मी चेष्टा करायचं थांबवलं, आणि ते का, हे कुणीही विचारलं नाही. सांगायचं म्हणून मी कितीदा नवीन जालन्याला गेलो आणि क्रिकेटवर बोलून परत आलो.

दोन वर्षांनी, गेल्या महिन्यात, एकदाचं सांगितलं. तेल, कुंकू, फडकं आणि ती भोकांतली हळद, सगळं. ते ऐकत राहिले. मग एकदम खुर्चीत पुढे सरकले. "म्हंजे दोनशे तीनच बराबर होती?"

"बरोबर होती, साडूभाऊ."

"अगं, ऐकलं का?" त्यांनी आत हाक मारली. "डिस्क बराबर होती! बिलकुल बराबर होती!" दोन वर्षांत मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं. ताई बाहेर आल्या, माझ्याकडे पाहिलं आणि आत गेल्या. साडूभाऊ बराच वेळ हसत होते. मग हसू ओसरलं आणि ते हळूच म्हणाले, "तवाच सांगितलं असतं तर सायकल दिली नसती मी."

मी म्हणालो, आपण दुसरी घेऊ, उद्याच घेऊ. ते म्हणाले, "आता न्हाई होत पाव्हणे. तवा जमून गेल्तं. आता उताराची भीती वाटते." मला फाटकापर्यंत सोडायला आले, बायकोची, मुलांची चौकशी केली, सणाला या म्हणाले. एका शब्दाने बोल लावला नाही. बसस्टँडपर्यंत चालताना मला सारखं वाटत होतं की या भल्या माणसाने निदान एकदा तरी, चार लोकांत, मला चांगलं झापायला हवं होतं.