लुगड्याशी भांडण

लग्न होऊन मी जुन्या जालन्यात आले तेव्हा व्यापारातलं मला सगळं कळतं, अशी माझी पक्की समजूत होती. कारण काय, तर टेंभुर्णीच्या बाजारात वडील मिरच्या विकायला बसत आणि मी त्यांच्या शेजारी बसून बोरं खात असे. तेवढ्या अनुभवावर सासरच्या कापडदुकानाचं काय चुकतंय, ते मी आल्या आल्याच ठरवून टाकलं. बोलले मात्र कुणाशी नाही. सुनेनं सासऱ्यांसमोर तोंड उघडायचं नाही, अशी घरची रीत होती. माझं शहाणपण पदराआड राहिलं, हे दुकानाचं नशीब.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दिवस लडाईचे होते. लडाई कुठं लांब चाललेली, पण तिच्यापायी आमच्याकडं गिरणीची रंगीत लुगडी येईनाशी झाली. परदेशी रंगाच्या पुड्याही बंद. कंट्रोलमध्ये मिळायचं ते मांजरपाट. जाडंभरडं, कोरं, ना धड पांढरं ना धड पिवळं. गिऱ्हाईक यायचं, बोटांत धरून बघायचं, "दुसरं काही न्हाई का?" विचारायचं आणि चालतं व्हायचं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, गादीवर बसून कापड मोजायच्या लोखंडी गजानं पाठ खाजवत. गजाला दुसरं काम उरलं नव्हतं.

आमच्या मागच्या दाराला लागून निळारणीचं अंगण होतं. नीळ घालून कापड रंगवायचं तिचं पिढीजात काम. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती लेक घनसावंगीला दिलेली. तिचे हात कोपरापर्यंत निळे होते. ती कणीक मळते तेव्हा पोळी कुठल्या रंगाची होत असेल, याचा मी फार विचार करत असे. मला तेव्हा विचार करायला असलेच विषय सुचत.

तिच्या अंगणात एक रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला होता. त्यात नीळ, चुना, गूळ आणि तरोट्याचं बी घालून आंबवलेलं पाणी. त्याला वास असा, की गल्लीतल्या बाया तिथून जाताना नाकाला पदर लावून पळत. तिच्या सासूनं लावलेला रांजण. तो कधी रिकामा झाला नव्हता. त्याला रोज ढवळायचं, मधूनमधून गूळचुना घालायचा, आणि मुख्य म्हणजे त्यात कापड बुडवत राहायचं. नुसता ठेवला की बसतो. एकदा बसला की मेला.

"माझा रांजण उपाशी हाय," निळारीण आत्याबाईंना म्हणाली. आत्याबाई म्हणजे माझी सासू. "लोकाला पुडीचा रंग पायजे होता तव्हा माझ्याकडं कुणी आलं न्हाई. आता पुडी बंद झाली, तर लोकानं रंगच सोडला. गूळ तरी कुठवर घालू? मलाच चाखायला भेटंना. तुरी निघाल्या की जावई गाडी घेऊन येणार हाय. जाते लेकीकडं."

"आन् रांजण?"

"त्याला काय गाडीत बसवू? फोडून जाईन."

ती हे इतक्या सहज म्हणाली, की मला रडू आलं. मला तेव्हा कशानंही रडू यायचं. शेजारची शेळी विकली तेव्हाही आलं होतं. पण या वेळी मी नुसती रडले नाही. आपणच हिचा धंदा वाचवायचा, असं ठरवलं. दुकान वाचवता येत नव्हतं, निदान रांजण तरी!

माहेरी भावाचं लग्न होतं आणि माझ्याकडं नेसून जायला धड लुगडं नव्हतं. एक होतं त्याचा रंग धुवून धुवून पार उडालेला. ते घेऊन मी मागच्या दारानं गेले. मोठे उपकार करायला निघाल्यासारखी मान वर करून गेले.

"मावशी, हे निळं करून द्या. घाई न्हाई. तुमचं काम चालावं म्हणून आणलं."

"हो का? लई मोठ्या मनाची हायेस," म्हणत तिनं ते लुगडं साध्या पाण्यात भिजवलं, पिळलं आणि रांजणात सोडलं. जरा वेळानं काढलं, तर काय! निळं कुठलं, पोपटाच्या पिसासारखं हिरवट-पिवळं. माझा संताप झाला. घरात दिवसभर पुटपुटायचीही सोय नसलेली मी, त्या अंगणात कंबरेवर हात ठेवून उभी राहिले.

"अवं मावशी, हे काय करून ठेवलं? मी निळं सांगितलं होतं! हे नेसून वऱ्हाडात उभी राहिले तर लोक मला पेरवाचं झाड समजतील! आत्याबाईला काय सांगू? तुम्हाला निळं कळंना का हिरवं?"

ती लुगड्याचं एक टोक माझ्या हातात देऊन दुसरं स्वतः धरून उभी राहिली. मी भांडतच होते. आणि भांडता भांडता माझ्या हातातलं टोक निळसर झालं. मग मधला भाग. मग काठ. बघता बघता सगळं लुगडं निळं! माझं तोंड उघडंच राहिलं.

"थांबलीस काहून?" निळारीण गंभीरपणे म्हणाली. "भांड अजून. तू जितकी भांडशील तितका चढतो."

आता बाहेरच्या हवेनंच नीळ चढते, हे तिला ठाऊक होतं. मला नव्हतं. आणि मला ते पटलं, अगदी मनोमन पटलं. मी त्या लुगड्याला आणखी चार गोष्टी सुनावल्या. तिनं ते पुन्हा बुडवलं, पुन्हा काढलं, मी पुन्हा सुनावल्या. शेवटी असा गर्द रंग आला, की मला स्वतःच्या तोंडाचा अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी आडावर पाणी भरताना मी ही बातमी गल्लीतल्या सगळ्या सुनांना दिली.

"कापडाशी भांडायचं?" एकीनं विचारलं.

"मोठ्यानं. हळू बोललं तर फिका येतो."

"आन् तिथं कुणी ऐकत न्हाई?"

"कोण ऐकणार? वासापायी कुणी फिरकतं का तिकडं?"

घागरी भरायच्या थांबल्या. सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या. तोंड मिटून घरात वावरणाऱ्या त्या सुना. त्यांना रंगाची हौस किती होती, देव जाणे. पण त्याच दुपारी निळारणीच्या अंगणात तीन गाठोडी आली, आणि पुढं रोजच येत राहिली. गल्लीतलं एकही विटकं लुगडं, परकर, उशीची खोळ सुटली नाही.

काय एकेक भांडणं व्हायची! कुणी लुगड्याला म्हणे, "माझ्या हातच्या भाकरी जाड लागतात का? मंग चार-चार काहून खातोस रे मेल्या?" नवऱ्याचं नाव घ्यायची चाल नव्हती, म्हणून लुगड्यालाच ‘अहो’ म्हणून सुरुवात करायची आणि ‘अरे’वर यायचं. एक गरीब गाय म्हणून गल्लीत नावाजलेली सून होती. ती एका खोळीला असं काही बोलली, की निळारणीच्या हातातून काठी गळाली. जाताना ती सून पुन्हा डोक्यावरून पदर ओढून, मान खाली घालून, पावलांचा आवाज न करता गेली.

एकदा दोरीवर एक परकर नुसताच वाळत होता. त्याच्याशी कुणीच भांडलं नव्हतं, तरी तो चांगला निळा झाला होता.

"बघ," निळारीण मला म्हणाली. तिलाही आता जरा वाईट वाटत असावं. "हा कसा झाला?"

मी परकराकडं बघितलं. थोडा विचार केला. "यानं शेजारच्या लुगड्याचं ऐकलं असंल."

ती माझ्याकडं बघतच राहिली. मग म्हणाली, "बराबर हाय." त्यानंतर तिनं मला शहाणं करायचा नाद सोडला.

रांजण मात्र खूश होता. वर मोरपंखी फेस धरायला लागला. गल्लीतल्या बायांची निळी लुगडी बघून दुसऱ्या पेठेतल्या बाया विचारू लागल्या. आणि मग आत्याबाईंच्या डोक्यात आलं, की दुकानातलं मांजरपाटही याच रांजणात बुडवून विकावं. हे मलाही सुचलं होतं, पण माझं पदराआड होतं. मामंजी आधी म्हणाले, "निळं कापड मळ्यातल्या बाया घेतात. पेठेत कोण घेणार?" पण पहिला निळा ताका गादीवर आला आणि संध्याकाळपर्यंत खपला. दुसऱ्या दिवशी गज पाठीकडं वळलाच नाही.

या भरभराटीत मी गाफील झाले. एका दुपारी माझ्या हातात मांजरपाटाचं लांबलचक टोक होतं आणि मी रंगात आले होते.

"चिमटीनं मीठ काढून देता! मी काय मीठ विकून खाते? आन् डब्याला फडकं कसं बांधता, तर गाठीवर गाठ! लोण्याचा गोळा देवाला दाखवता आन् देवाच्या आधी आपणच..."

निळारीण माझ्या मागं बघत होती. तिचा चेहरा असा झाला होता, की मी वळायच्या आधीच मला कळलं. मागच्या दारात आत्याबाई उभ्या होत्या.

कापड हातातून सुटून धुळीत पडलं. आत्याबाई सावकाश चालत आल्या. कापड उचललं, झटकलं, रंगाकडं निरखून बघितलं.

"लोण्याबद्दल बोलताना चांगला चढला होता," त्या म्हणाल्या. "मिठाला फिका पडला."

त्यांनी काखेतलं गाठोडं सोडलं. आत त्यांचं स्वतःचं जुनं लुगडं होतं. "निळारणी, बुडव हे. आन् सूनबाई, तू धर दुसरं टोक. जरा ऐक."

आणि मग माझी सासू माझ्या डोळ्यांत डोळे घालून लुगड्याशी भांडली. वरण खाली लागतं त्यावर, माझ्या शिंकण्यावर, दिवे लावायच्या वेळी मी खिडकीत उभी राहून काय बघते त्यावर. टेंभुर्णीच्या मिरच्यांवरही. मला बोलताना निदान दम लागायचा. त्यांना दम लागत नव्हता. वर्षानुवर्षांचं साठलेलं होतं, आणि त्यातलं माझ्या वाट्याचं फार थोडं होतं. पुढं पुढं तर त्या स्वतःच्या सासूला बोलायला लागल्या. ती बाई मी बघितलीही नव्हती.

लुगडं काळंभोर निळं झालं. आत्याबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "उद्या परकर आणते."

तुरी निघाल्या आणि घनसावंगीहून जावई गाडी घेऊन आला. ही तारीख मी विसरूनच गेले होते. धंदा चालला म्हणजे ती आता जाणार नाही, असं मी गृहीत धरलं होतं. तिला विचारलं नव्हतं. जावयाला तर कुणी कळवलंच नव्हतं. तो उंचापुरा, घाईचा माणूस. आल्या आल्या त्यानं पेटी उचलून गाडीत ठेवली, मग पाटा-वरवंटा ठेवला.

"चला मामी, जल्दी करा. उन्हं चढायच्या आत निघू. लेक वाट बघून राह्यली."

निळारीण रांजणाशी बसून होती. तिला लेकीकडं जायचंही होतं, हे तिच्या तोंडावर मला पहिल्यांदा दिसलं. नातवंडं होती तिकडं. दोन वेळचं आयतं होतं. तिनं काठीनं एकदा ढवळलं आणि हात थांबवला. गल्लीतल्या सगळ्या सुना मागच्या दारात गोळा झाल्या होत्या. आता बोलायची वेळ माझी होती. मी पुढं झाले. चांगलं लांबलचक भाषण मनात तयार होतं. तोंड उघडलं, तर जावयासमोर माझा आवाजच फुटेना. दोन महिने लुगड्यांशी भांडून मी एवढीच शूर झाले होते.

आत्याबाईंनी मला कोपरानं बाजूला केलं. "जावईबापू, तुमच्याकडं लुगडी भेटतात का हो?"

"कुठली भेटतात! घरात सगळ्या ठिगळं लावून राह्यल्या."

"मंग ही बघा." त्यांनी दोरीवरची निळी लुगडी त्याच्या हातात दिली. तो कापड चिमटीत धरून बघू लागला. ही संधी साधून मामंजी दुकानातून गज घेऊनच आले. त्या दोघांचं बोलणं सुरू झालं ते थांबेचना. जावयाच्या भावाचं तिकडं किराण्याचं दुकान आहे, असं त्यात निघालं. मधेच जावयाला आपण कशाला आलो ते आठवलं.

"पण मामीला न्यायचं हाय ना..."

"मला कसं येता येईल?" निळारीण तोंड वर न करता म्हणाली. "रांजणात कपडा हाय. लोकाचा हाय. अर्ध्यात काढला तर डाग पडतात."

"तो कव्हा निघंल?"

"निघंल की. तो काढला की दुसरा टाकायचाय."

जावयानं पेटी उतरवली. पाटा-वरवंटा उतरवला. त्या जागी मामंजींनी निळ्या मांजरपाटाचे ताके स्वतःच्या हातानं रचले आणि वर घोंगडी टाकली. गाडी वळली तेव्हा निळारीण पहिल्यांदा उठून रस्त्यापर्यंत आली.

"लेकीला म्हणावं, संक्रांतीला येते," ती ओरडली. "आन् तुमच्याकडं उसाची गुऱ्हाळं लागली असतील, पुढच्या खेपेला गूळ घेऊन या. काळा, चिकट, कुणी घेत न्हाई तसला चालंल!"