कव्हराखाली गेलेलं बक्कल

लेक पुण्याहून आली, की मी आधी नातीला उचलते. या खेपेला आधी नातीची खुर्चीच उचलावी लागली. गाडीत मुलांना बांधून बसवायची असते ती. वजन असं, की दोन पायऱ्यांवरच मला धाप लागली.

"ही खुर्ची तुझ्या गाडीत घट्ट बसली तरच पोरगी उद्या तुझ्याबरोबर पेठ वडगावला येईल," लेक म्हणाली. "नाहीतर मी तिला घेऊन जाते बेळगावला, मीटिंगमध्ये बसेल माझ्या मांडीवर."

पेठ वडगावला माझी थोरली बहीण. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळं घरातच अडकलेली. नातीला तिनं अजून फोनवरच पाहिलेलं. उद्या पोरीला घेऊन येते असं मी तिला ठणकावून सांगून बसले होते.

लेकीचा माझ्यावर विश्वास नाही, आणि त्याला कारण मीच. तिच्या लहानपणाचे पराक्रम मीच तर तिला रंगवून सांगितलेत. स्कूटरवर मागं एका अंगाला पाय सोडून बसलेली मी, सोलापुरी चादरीनं पोटाशी बांधलेली ती, एका हातात छत्री, मांडीवर कटाच्या आमटीचा डबा. तेव्हाच्या त्या बाईला काळजी होती ती फक्त आमटीची. पुढं चारचाकी आली, तरी अक्कल काही वाढली नाही. चौकात पोलीस दिसला, की पट्टा पदरासारखा खांद्यावरून ओढून हातात धरून बसायची. बक्कल लावायची नाही, का तर साडी चुरगळते! पोलीस मागं पडला, की पट्टा सप्पकन आत.

लेकीनं आधी स्वतःच्या गाडीत करून दाखवलं. पट्टा खुर्चीच्या पाठच्या खाचेतून घालायचा, पलीकडं काढायचा, बक्कलात अडकवायचा, टक्. मग खुर्चीत गुडघा रोवून पट्टा ओढायचा. खुर्ची हलली नाही पाहिजे. मी म्हटलं, एवढंच होय!

मग आमच्या गाडीकडं गेलो. मागच्या दारातून पट्टा निघाला, खाचेतून गेला, पलीकडं आला. पण अडकवायचा कशात? सीटवर बक्कलच नाही. सगळीकडं गुळगुळीत मरून रंगाचं रेक्झिन, कडेला सोनेरी गोट.

"आई, बक्कल कुठाय?"

मला एकदम आठवलं. गाडी घेतली, तेव्हा राजारामपुरीत कव्हर शिवायला टाकलं होतं. दुकानदार विचारत होता, "वहिनी, बक्कल वर ठिवू काय?" आणि मी शहाणी म्हणाले होते, "नको, बसताना टोचतंय. घाला की आत."

सीट दाबून बघितली. रेक्झिनच्या खाली गोळा लागला हाताला.

आमचे हे अंगणातून बघत होते. "आणा की हिकडं. नायलॉनच्या दोरीचं चार वेढं मारतो. दुधाच्या कॅना कधी सांडल्या व्हय माझ्या?"

"बाबा, ती कॅन नाही."

शेजारून दीर आले. "माझी जीप न्या की, वहिनी." जीपच्या मधल्या बाकावर पट्टा होता, पण नुसता कमरेचा. लेकीनं मान हलवली. या खुर्चीला खांद्यावरून येणारा पट्टा लागतो म्हणे, नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर खुर्ची पुढं कलंडते. दीर दुखावले. "आख्खं वऱ्हाड नेलतं हिच्यातनं उचगावला. कुणी पट्टा इचारला न्हाय."

"काका, वऱ्हाड तरी हललं असेल की."

"हललं म्हंजे? निम्मं वकलं."

लेक नातीचे कपडे परत बॅगेत भरायला वळली. मी घरात जाऊन कात्री आणली. हे ओरडले, "अगं, चांगलं कव्हर हाय ते!" मी खुपसली. रेक्झिन चरचरत फाटलं आणि धुळीतून बक्कल वर आलं. सोबत एक हेअरपिन आणि एक चिकट लिमलेटची गोळी. बक्कल पुसलं, पट्टा घातला, टक्.

"आता गुडघा रोव," लेक म्हणाली.

दोन्ही गुडघे रोवले. आयुष्यभर ज्या वजनाला नावं ठेवली, ते त्या दिवशी पहिल्यांदा कामाला आलं. लेकीनं पट्टा ओढला, खुर्ची धरून गदागदा हलवायला गेली. गाडी हलली, खुर्ची नाही.

सकाळी हे गाडी चालवायला बसले, नात खुर्चीत, मी तिच्या शेजारी. लेक खिडकीशी आली. मी लगबगीनं माझा पट्टा खांद्यावरून घेतला आणि टोक मांडीखाली दाबलं. लेकीनं दोन बोटांनी ओढलं. टोक अलगद बाहेर आलं.

"आई, मी पोलीस नाही."

"माझं बक्कल पण कव्हराखाली हाय की गं. एक भोक पाडलं तेवढं बास झालं!"

"पुढं अचानक ब्रेक लागला, तर तू जाऊन पडणार कुणावर? तिच्यावरच ना?"

नात माझ्याकडं टुकूटुकू बघत होती. मी उतरले, कात्री आणली आणि सोनेरी गोटासकट दुसरं भोक पाडलं. पुढं ह्यांनी आरशातून नुसतं बघितलं.

पेठ वडगावला बहीण काठी टेकत दारात आली. नातीचा मुका घेतला, पुन्हा घेतला, मग माझ्या साडीकडं बघितलं. खांद्यापासून कमरेपर्यंत पट्ट्याची तिरकी घडी पडलेली.

"अगं बाई, इस्त्री बंद पडली काय तुमच्यात?"

"व्हय," म्हटलं, "कायमची."