नाव नंतर ठरवू

सदफला कुठलीच गोष्ट पटकन ठरवता यायची नाही. नांदेडच्या स्टँडवर डावीकडची खिडकी धरावी की उजवीकडची, या घोळात लातूरची गाडी भरून जायची. केमिस्ट्रीत एमएस्सी झाली, तीही अब्बांनी फॉर्म आणून पुढ्यात ठेवला म्हणून.

लातूरला ती एका मोठ्या क्लासमध्ये पोरांच्या शंका सोडवायला होती. भूकंपाला सोळा-सतरा वर्षं लोटली होती. गल्लोगल्ली क्लास आणि होस्टेलं, मजल्यावर मजले चढत होते. तिची घरमालकीण नागुबाई मात्र अजून दाराला कडी लावू द्यायची नाही. म्हणायची, "कडी काढूस्तोवर छत खाली येतंय, बाई."

अशा गोष्टी सदफ क्लासमध्ये बायोलॉजी शिकवणाऱ्या आरतीला सांगायची. एक दिवस आरती म्हणाली, "मला काय सांगतीस? ब्लॉग काढ अन् लिही."

झालं, सदफची झोप उडाली. मराठीत लिहावं की उर्दूत? खरं नाव द्यावं का? नेट कॅफेत बसून ती नुसते रंग बदलत राहायची. ब्लॉगच्या नावाच्या जागी तिनं तात्पुरतं टाकलं होतं, 'नाव नंतर ठरवू'.

पहिला लेख लिहिला तो क्लासमधल्या, देवणीकडच्या एका मुलीवर. हुशार पोरगी, पण परीक्षेच्या तोंडावर पेटी उचलून गावी निघून गेली होती. सदफनं तिचं नाव लिहिलं नाही, गावही नाही; खाली स्वतःचंही नाव टाकलं नाही. लेख ठेवावा की पुसावा, असं चाललेलं असताना लाइट गेली. यूपीएस किंचाळायला लागला. कॅफेवाला ओरडला, "मॅडम, काय करायचं ते आत्ता करा!" घाबरून तिनं बटण दाबलं. लेख ब्लॉगवर गेला.

महिनाभरात तो क्लासभर फिरला. मग एका दुपारी संचालक सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. समोर पांढरा सदरा घातलेले एक गृहस्थ बसले होते, हातात लेखाची प्रिंट. त्या मुलीचे वडील, बजरंग पाटील.

"हे आपल्यापैकी कुणी लिहिलेलं नाही, बरोबर ना मॅडम?" सर म्हणाले. तिच्यासाठी त्यांनी नुसती मान हलवण्यापुरतं काम ठेवलं होतं.

सदफ काही बोलणार, तेवढ्यात पाटील म्हणाले, "मला भांडायचं न्हाई साहेब. पोरगी घरात कुणासंगं बोलंना. ज्यानं लिवलं त्याला इचारायचं हुतं, ती आजून काय म्हनली हुती?"

"मी लिहिलंय," सदफ म्हणाली. तिचं तिलाच खरं वाटेना.

सरांचा चेहरा उतरला. "लेख काढा, नाहीतर सोमवारपासून येऊ नका," एवढंच ते म्हणाले.

खाली टपरीवर सदफ आणि पाटील चहाला बसले. सांगावं की नको, सांगावं की नको, करत सदफनं शेवटी सांगून टाकलं. "ती म्हणायची, पप्पांचा फोन आला की मार्कांशिवाय काही विचारत नाहीत."

पाटलांनी कप हातातच धरून ठेवला. चहावर साय धरली.

"मला दुसरं काय इचारावं त्ये कळतच न्हाई, मॅडम," ते म्हणाले.

ते गेल्यावर सदफ सोळा रस्ते फुटणाऱ्या गंजगोलाईच्या बाजाराला फेऱ्या मारत राहिली. कोणत्या रस्त्यानं बाहेर पडावं तेच सुचेना. बापाच्या जिवाला आपण उगाच चटका दिला का? सरांची माफी मागावी का? दुकानं बंद व्हायच्या सुमारास ती कॅफेत शिरली, लेख उघडला आणि खाली आपलं पूर्ण नाव लिहिलं.

नोकरी गेली. नांदेडला परतल्यावर अम्मी आठवडाभर बोलली नाही. पुढे एका शाळेत जागा मिळाली. ब्लॉगही चालू राहिला, कधी महिन्यात दोन लेख, कधी सहा महिने काहीच नाही. त्या पोरीनं उदगीरच्या कॉलेजात बी.ए.ला नाव घातल्याचं आरतीकडून कळलं. त्या पोरीलाच एकदा फोन करावा, असं सदफच्या रोज मनात येतं. नंबर लावते, आणि कापते.