साडूभाऊंची चांगल्या दिवसाची वही

माझ्या मोठ्या साडूंइतका चौकस माणूस अख्ख्या वाशिम जिल्ह्यात दुसरा नाही, आणि एक आहे तेवढा पुष्कळ झाला. आमच्या रिठदच्या शाळेत ते खेळाचे मास्तर. गळ्यातली शिट्टी ते लग्नातही काढत नाहीत. मेव्हण्याच्या लग्नात पंगत रेंगाळली तेव्हा त्यांनी ती वाजवलीही होती. पण तोवर ते आपले साधे चौकस होते. मग एका मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी संशोधन काढलं. खेळाच्या मास्तरांना डोक्याच्या मुक्या माराविषयी शिकवायचं आणि त्यानं पोरांची काळजी जास्त नीट घेतली जाते का, ते बघायचं. काही शाळांना शिक्षण आधी, काहींना नंतर. साडूंचं नाव पहिल्या यादीत निघालं आणि आम्हा नातलगांचं सुख संपलं.

कॉलेजात डॉक्टरांनी त्यांच्याकडून संमतीपत्रावर सही घेतली. त्याआधी फायदे-तोटे समजावले, आणि कारण न सांगता कधीही माघार घेता येईल असंही सांगितलं. साठीकडे झुकलेल्या माणसाला कुणी असं विचारून काही करण्याची ती पहिलीच वेळ. ही रीत त्यांना इतकी भावली की पुढच्याच महिन्यात, पुतण्या वरमाला घेऊन उभा असताना, त्यांनी त्याला बाजूला घेऊन माघारीचा हक्क समजावला. आमच्याकडे चहा आला की आधी विचारणार, "फायदे मले मालूम हायेत. तोटे सांगा." माझी बायको त्यांची सख्खी मेव्हणी. ती एकदा म्हणाली, "तोटा एकच. कप तुमालेच धुवा लागन." त्यांनी चहा घेतला आणि कप धुऊन पालथा घातला.

पण खरा छळ वहीचा. पोराच्या डोक्याला मार लागल्यावर ते ठिकाणावर आहे का हे कळायला, पोर धडधाकट असताना कसं बोलतं ते आधी माहीत हवं, असं त्यांच्या मनात बसलं होतं. म्हणून त्यांनी दोनशे पानी वही केली आणि वर लिहिलं, 'चांगल्या दिवसाची वही'. आज वार कोणता, सकाळी काय खाल्लं, मागची मॅच कोणासंगं झाली, हे सगळ्या खेळाडूंना विचारून झालं, मग नातेवाईक धरले. माझ्या पानावर नोंद आहे: 'वार चुकला. तब्येत चांगली. कायम असाच.' माझी नववीतली प्रज्ञा त्यांच्याच हाताखाली कबड्डी खेळते. तिच्या पानावर लिहिलंय: 'वार सांगितला नाही. काहून सांगू म्हणाली. दोनदा विचारलं, दोनदा तेच.' पोरगी माझी आहे, पण तोंड आजीचं आहे, काय करता.

केनवडला फायनल होती. निवड करणारे पाहुणे खुर्च्या टाकून बसले होते, आणि वर्षभर पहाटे उठून पळणारी प्रज्ञा त्यांच्यासमोर खेळत होती. शेवटची पाच मिनिटं राहिली असताना पकडीत कुणाचा तरी गुडघा तिच्या कानशिलावर बसला. रक्ताचा थेंब नाही. कुणी तोंडावर पाणी मारलं, ती उठली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. साडू वही घेऊन मैदानात.

"आज वार कोणता, बेटा?"

"शनिवार, काका. सकाळी पोहे खाल्ले, काका. मागची मॅच आसेगावसोबत होती."

सगळं बरोबर. मी म्हणालो, "झालं ना? पाठवा तिले."

साडू तिच्याकडेच बघत होते. "साडूभाऊ, हे पोरगी मायासंगं इतकी नीट कधी बोलली? हे आपली पोरगी नाही बोलून राह्यली."

त्यांनी तिला बाहेर बसवलं. मी चारचौघांत त्यांना वहीवाला येडा म्हणालो, आणखीही बरंच म्हणालो. आम्ही दोन गुणांनी हरलो.

वाशिमच्या दवाखान्यात नेताना वाटेवर प्रज्ञाला उलटी झाली. कुठं चाललो, हे तिनं मला तीनदा विचारलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूला हादरा बसलाय, आराम केला की बरी होईल, पण त्याच खेळात पुन्हा डोकं आपटलं असतं तर काही सांगता आलं नसतं.

साडू रोज यायचे. माझ्या बोलण्याचा एका शब्दानं उल्लेख नाही. प्रज्ञाला वार विचारायचे, ती गुमान सांगायची आणि ते मान हलवून निघून जायचे. नवव्या दिवशी ती म्हणाली, "काहून सांगू? भिंतीवर कॅलेंडर हाये, तुमाले दिसत नाही काय?" साडूंनी वही उघडली, बोट ठेवून ताडून पाहिलं आणि म्हणाले, "जुळलं." मी आत जाऊन तोंड धुऊन आलो. त्या माणसाचे उपकार मी कोणत्या जन्मी फेडणार?

पुढच्या महिन्यात ते रिटायर होऊन मुलाकडे नागपूरला निघालेत. काल वही प्रज्ञाला द्यायला आले. तिनं सगळी पानं चाळली आणि विचारलं, "काका, तुमचं पान कुठं हाये?"

"मले कोन इचारनार होतं?"

तिनं पेन काढलं. साडूंनी हात आडवा धरला. "आधी फायदे-तोटे."

"फायदा हा, का तिकडं तुमाले काही झालं तं आमाले फोनवर समजन. तोटा काहीच नाही."

त्यांनी चष्मा पुसला, कोऱ्या पानावर सही केली आणि म्हणाले, "इचार."

"आज वार कोणता?"

"सोमवार."

मंगळवार होता. प्रज्ञानं त्यांना सांगितलं नाही. खाली लिहिलं, 'वार चुकला. तब्येत चांगली', आणि वही माझ्या कपाटात ठेवली.