अर्धी काळी मिशी

रविवारचं जेवण अंगावर आलंय. पंखा मंद फिरतोय, खाली कुणीतरी स्कूटरला किक मारतंय आणि ती काही सुरू होत नाहीये. मी पडल्या पडल्या नाटकाचा चौथा प्रवेश मनात घोळवतेय. संध्याकाळी तालीम आहे. आमच्या दिग्दर्शकानं, निनादनं, काल स्पष्टच सांगितलं, "शर्मिष्ठाताई, या प्रवेशाला एकही हशा नाही. उद्या काही जमलं तर ठेवू, नाहीतर काढून टाकू."

प्रवेश आहे बापूंच्या अंत्यदर्शनाचा. नाटकात नाव बदललंय, पण माणूस तोच. प्रवेश काढला तर बापू नाटकातूनही जातील. एकदा गेले तेवढं पुरे झालं.

बापू कुरणे म्हणजे माझे गुरू. वीज मंडळात बिलांच्या खिडकीवर बसून या माणसानं आयुष्यभर सांगलीकरांसाठी विनोदी नाटकं लिहिली, आणि कॉलेजातल्या एका भित्र्या मुलीला विनोद लिहायला शिकवलं. आज माझं घर त्याच विद्येवर चालतं. गेल्या श्रावणात ते गेले. तेव्हापासून मी लिहिते, पण मला स्वतःला हसू म्हणून येत नाही.

किकचा आवाज लांब लांब जातो आणि टाळ्यांचा होतो. मी विंगेत उभी आहे. पुढे बापू, रंगमंचाकडे पाठ करून, पडद्याच्या फटीतून प्रेक्षक न्याहाळतायत. पहिल्या प्रयोगाला ते असेच उभे राहायचे.

"बापू, तुम्ही गेलात ना?"

"गेलोय की. म्हणून तर बिनतिकिटाचं आत सोडलं." ते वळतसुद्धा नाहीत. "तो पिवळ्या शर्टवाला बघ. आपलं नाटक त्याच्या तोंडावर चाललंय. तिकडे मागं काय बघायचं?"

मी फटीला डोळा लावते. पलीकडे बिल भरायची रांग आहे, घामेजलेली, वैतागलेली. बापू खिडकीच्या आत बसलेत आणि माझी पानं त्यांच्या हातात आहेत. हे ते खरंच करायचे. मी नवीन काही लिहिलं की मला रांगेत उभं करायचे आणि बिलं घेता घेता माझी पानं मोठ्यानं वाचायचे. म्हणायचे, ही रांग हसली तर थिएटर हसणारच, कारण थिएटरात माणसं निदान हसायच्या तयारीनं येतात.

आता ते चौथा प्रवेश वाचतात. रांग हूं की चूं करत नाही. मागून कुणीतरी ओरडतं, "साहेब, बिल घेताय का कीर्तन करताय?"

"बघितलंस?" बापू पानं माझ्याकडे सरकवतात. "का हसले नाहीत?"

"प्रसंग दुःखाचा आहे म्हणून."

"छ्या! मेहुणा आगाऊ, भटजी घाईत, शेजारीण चौकस. सगळ्यांची टर उडवलीस. आणि मधोमध हा मेलेला तेवढा एकटा शहाणा. याला हार घालून बसवलायस तू."

"तो तुम्ही आहात, बापू."

"तेच की! हार घातलेल्या माणसाशेजारी कुणी मोकळं हसतं होय?"

"मी तुमच्यावर कशी हसू? मला जे काही येतं ते तुमचं आहे. आणि मी कधी तुमचे आभारसुद्धा मानले नाहीत."

"बरं केलंस. आभार सुरू झाले की लोक चपला शोधायला लागतात."

मी खिडकीचा गज घट्ट धरते. गज गार लागतो. तो दवाखान्यातल्या खाटेचा कठडा आहे. बापू उशीला टेकून, हातात आरसा धरून, मिशीला कलप लावतायत. पांढऱ्या मिशीनं मी कुणालाही भेटणार नाही, असं त्यांनी शेवटच्या दिवशीही बजावलं होतं. डावी बाजू रंगवून झाली आणि नर्स त्यांना एक्स-रेला घेऊन गेली. उजवी राहिली ती राहिलीच.

"तू पाहिलं होतंस ना?"

"पाहिलं होतं."

"सगळ्यांनी आपापल्या बाजूनं पाहिलं होतं. मग नाटकात कुठाय ते?"

खाट त्यांच्या घराच्या व्हरांड्यात आलीय. बापू पांढऱ्या चादरीखाली, डोळे मिटून, नाकात कापूस. तसेच बोलतात.

"डावीकडून आलेले काय म्हणाले?"

"किती तरतरीत दिसतायत, गेलेत असं वाटतच नाही."

"आणि उजवीकडून?"

"आजारपणानं पार खाल्लं हो माणसाला."

"मग दोन्हीकडचे पायाशी भेटले तेव्हा?"

"भांडले. तुमच्या मेहुण्यांनी शेजारच्या साठ्यांना विचारलं, चष्मा घरी विसरलात काय?"

चादर पोटावर हलायला लागते. बापूंना हसू आवरत नाहीये, आणि कापसामुळे श्वासही घेता येत नाहीये. माझ्या आत काहीतरी सुटतं.

मी जागी होते ती हसत. मुकुंद, माझा नवरा, चहाचं भांडं हातात धरून दारात उभा आहे.

"अगं, रडतेस की हसतेस?"

मी त्याला मिशीचं सांगते. तो गंभीर होतो. "अर्धीच पांढरी होती? मी उजवीकडून गेलो होतो. मला वाटलं, बिचारे एका महिन्यात म्हातारे झाले." आणि मग तोही भांडं खाली ठेवून हसत बसतो.

चहा निवतो. मी प्रवेश नव्यानं लिहून काढते. बापूंचा हार काढते, त्यांना अर्धा कलप लावते, दोन्ही बाजूंनी माणसं सोडते. लिहिताना मला त्या माणसाबद्दल इतकं भरून येतं की सांगता येत नाही. हसायला शिकवलं, आणि ते बंद पडलं तर येऊन चालूही करून दिलं. कुणाच्या नशिबी असा गुरू असतो?

मग निनादला फोन लावून वाचून दाखवते. पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज, आणि मग निनाद, हसत सुटलेला.

"ताई, परत वाचा ना!"

"थांब जरा," मी म्हणते. डाव्या बरगडीखाली कळ येतेय, झोपेत पोटभर हसल्याची. श्वास घेतला की खरोखर दुखतंय. एका हातानं ती दाबून धरते आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागते.