डाव्या सीटचा पट्टा

आमच्या संख्याशास्त्राच्या सरांनी उभ्या आयुष्यात कुठल्याच गोष्टीला 'नक्की' म्हटलेलं नव्हतं. उद्या सूर्य उगवेल का, असं विचारलं तर ते आधी पूर्वेकडं बघत, मग चष्मा पुसत आणि म्हणत, "आजवरचा अनुभव चांगला आहे." ब्रह्मदेव सृष्टी घडवायला बसला तेव्हा सर शेजारी असते, तर त्यांनी आधी नमुना मागितला असता आणि आपण सगळे अजून विचाराधीन असतो. त्यांचं लग्न राहिलं तेही ह्याच पायी. देवगाव रंगारीला मुलगी बघायला गेले, तर मुलीच्या वडिलांनी पोह्यांची बशी पुढं करत विचारलं, "आमची लेक सुखात राहील ना?" कुठलाही शहाणा माणूस 'हो' म्हणून पोहे खातो. सरांनी बशी खाली ठेवली आणि सुख म्हणजे नेमकं काय धरायचं, इथून सुरुवात केली. मागून यायचा चहा आलाच नाही.

आम्ही तिघं शिकवायला सिल्लोडच्या कॉलेजात आणि राहायला संभाजीनगरात, त्यामुळं रोजचं अपडाऊन. गाडी सरांची. जागा पिढीजात असल्यासारख्या ठरलेल्या: चालवायला सर, त्यांच्या डावीकडं इतिहासाच्या मॅडम, आणि मागं डब्यांच्या पिशव्यांसोबत मराठी शिकवणारा मी. हिवाळ्यात हर्सूलच्या तलावावर धुकं असं बसलेलं असे, की पाणी कुठं संपलं आणि आभाळ कुठं लागलं ते कळत नसे. त्या धुक्यातून समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे एकेक करून उमलत आणि सर त्या दिव्यांमागच्या ड्रायव्हरांचे पट्टे मोजत. "दहा गाड्या आल्या. चौघांनीच पट्टा लावलाय," ते अगदी हळू आवाजात म्हणत, जणू अंगाईच. "म्हणजे पुढच्यानं लावलेला असण्याची शक्यता दहात चार. नसण्याची? एकातून वजा करा, दहात सहा. आणि पुढच्या दोघांनीही लावलेला असण्याची? चार दशांश गुणिले चार दशांश. शंभरात सोळा. पण गुणाकार कधी चालतो? दोघांचा एकमेकांशी काही संबंध नसेल तरच." मी तोवर अर्ध्या झोपेत असे. माझ्या स्वप्नातसुद्धा माणसं पट्टे लावून येत आणि आपसात काही संबंध नसल्यासारखी निघून जात.

आळंदला चहाची टपरी होती. तिथला चहावाला एकदा म्हणाला, "सर, आज पाऊस येईल का ओ?"

"दहात तीन."

"मंग ताडपत्री बांधू का नको?"

"बांध."

"पर सात येळा तर येत नाय ना?"

"बांधायला तुला दोन मिनिटं. साखर भिजली तर अख्खा दिवस गेला. नुसती शक्यता बघायची नसते, घडलं तर काय जाईल तेही बघायचं."

चहावाल्यानं माझ्याकडं बघितलं. "लई अवघड करून सांगतेत. निस्तं बांध म्हणले असते तरी बांधली असती."

आता मॅडम. मॅडम पट्टा लावत नसत. नुसत्या लावत नसत असं नाही, त्यांची त्यात एक कारागिरी होती. गाडीत शिरण्याआधी त्या रिकाम्या खुर्चीलाच पट्टा खटकन अडकवत आणि मग ऐसपैस त्याच्यावर बसत. गाडीला वाटे, सगळं ठीक आहे. ती बिचारी टुंटुं करत नसे. सर मात्र सुरू होत. "मॅडम, पट्टा खुर्चीच्या रक्षणासाठी नाही."

"कांजीची साडी आहे सर. चुरगळते."

"साडी चुरगळण्याची शक्यता मी काढलीय. दुसरीकडं डोकं काचेवर..."

"तुम्ही शक्यता काढा. आमच्या इतिहासात शक्यता नसते. झालं ते झालं."

हे हर्सूलला सुरू होई ते सिल्लोडच्या वेशीपर्यंत चाले. सर रोज नवा दाखला आणत. कधी घरातून निघताना कुलूप लावतो तो, कधी दुधावर झाकण ठेवतो तो. मॅडम वर्षानुवर्षं हरत नव्हत्या. सरांच्या मनात काय आहे, हे सिल्लोडच्या बसस्टँडवरच्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. मॅडमचे यजमान जाऊन बराच काळ लोटला होता, लेक नागपूरला, आणि त्या हिवाळ्यात रिटायर होऊन लेकीकडं कायमच्या जायचं त्यांचं ठरत आलं होतं. मी सरांना म्हणलं, "विचारून टाका आता." सर म्हणाले, "नकाराची शक्यता काढतोय." ती ते बहुधा मी नोकरीला लागल्यापासून काढत होते.

मग सरांचा गुडघा धरला. ते मागं बसले, आणि गाडी मी हातात घेतली. मॅडम आल्या, बसल्या, आणि कुणी एक अक्षर न बोलता पट्टा ओढून खांद्यावरून घेऊन खटकन लावला. साडी कांजीचीच होती.

संध्याकाळी मॅडमना घरी सोडल्यावर मी मागं वळून म्हणलं, "सर, बघितलंत ना?"

"एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढत नसतात," सर म्हणाले. पण आवाज कुठून तरी लांबून आल्यासारखा होता. मग गुडघा बरा झाल्यावरही ते लंगडतच राहिले. रोज मागं बसून समोरच्या खांद्यावरचा पट्टा ग्रहण बघावं तसं बघत. रोज तो लावलेलाच असे. शेवटी, सर ऑफिसात गेलेले बघून मी मॅडमना कॉलेजच्या फाटकाशी गाठलं. "मी चालवतो तेव्हा लावता. मग सरांनाच का छळता?"

मॅडमनी पर्स ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "पहिल्याच दिवशी लावला असता, तर सर सिल्लोडपर्यंत काय बोलले असते?"

मी हे जसंच्या तसं सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "त्यांचं पट्टा न लावणं आणि माझं गाडी चालवणं," ते म्हणाले, "ह्या दोन घटना मी स्वतंत्र धरल्या होत्या."

मॅडमच्या निरोप समारंभानंतर आम्ही तिघं परत निघालो. सर लंगडायचं विसरून चालवायला बसले. मॅडमनी शाल आणि नारळ माझ्याकडं दिला, खुर्चीला पट्टा अडकवला आणि त्याच्यावर बसल्या. आळंद गेलं, फुलंब्री गेली. उन्हं कलली होती आणि रस्त्याकडेची लिंबाची झाडं हळूहळू तरंगत मागं जात होती. चौक्याच्या घाटाअलीकडं मॅडमच म्हणाल्या, "आज काही सांगायचं नाही का, सर?"

"आहे. तुम्ही इथंच राहिलात, तर मला बरं वाटेल."

"बरं वाटण्याची शक्यता किती?"

मी मागं नारळ घट्ट धरला.

"नक्की," सर म्हणाले.

मॅडम जराशा पुढं सरकल्या, पाठीमागचा पट्टा सोडवला, अंगावरून घेतला आणि लावला. त्याचा आवाज मी अजून विसरलेलो नाही. घाट उतरेपर्यंत त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. तलाव दिसला तेव्हा म्हणाल्या, "लेकीला शब्द दिलाय. बघू."

मॅडम नागपूरला गेल्या. डावी सीट माझ्याकडं आली. पहिल्या दिवशी मी सज्जनासारखा बसताक्षणी पट्टा लावला, तर सर सिल्लोडपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. आळंदचा चहावाला मला बाजूला घेऊन म्हणाला, "सरांला बरं नाय का?" दुसऱ्या दिवशी मी आधी खुर्चीला पट्टा अडकवला आणि मग त्याच्यावर बसलो. पाठीला तो असा टोचतो, की मॅडमना इतकी वर्षं काय वाटत असेल ते मला तेव्हा कळलं. हर्सूलच्या तलावावर नेहमीसारखं धुकं होतं. सरांनी तिरक्या नजरेनं बघितलं, घसा साफ केला आणि म्हणाले, "समोरून दहा गाड्या येतात, असं समजा."

तेव्हापासून असंच चालू आहे. ते सांगतात, मी साडी नेसलेली नसताना साडीची सबब सांगतो, आणि घाट लागायच्या आत हरल्याचं कबूल करून पट्टा लावतो. एखाद्या सकाळी मात्र ते गुणाकाराच्या मधेच थांबतात.

"'बघू'ला किती धरायचं हो?"

"तुम्ही किती धरता?"

सर धुक्याकडं बघत गाडी चालवतात. "शून्य नाही," ते म्हणतात, आणि गाडी घाटात शिरते.