स्वतःवर खूश

पोहण्याच्या तलावावरची पोरं त्याला बेडूकमामा म्हणायची. त्याला राग येत नसे, उलट छाती फुगायची. जीवरक्षक म्हणून त्याचं अर्धं आयुष्य या काठावर गेलं होतं आणि त्याच्या देखत कुणाच्या जिवावर बेतलं नव्हतं. नवीन कुणी आलं, की तो हे ऐकवल्याशिवाय राहत नसे.

त्या दुपारीही तो तेच सांगत होता, पाण्याकडे पाठ करून. मागे एक मुलगी कठडा धरून पाय मारता मारता खोल बाजूला सरकली आणि तिचा हात सुटला. ओरडली नाही की काही नाही. रोज संथ पोहणाऱ्या एका आजींनी तिला पाहिलं. मामा वळला तेव्हा त्या तिला काठाशी ओढत होत्या. त्याने धावत जाऊन मुलीला वर उचललं. ती खोकली, मग रडू लागली.

तलावाच्या व्यवस्थापक बाई आवाज न चढवता म्हणाल्या, "मामा, तुम्ही कॉम्प्लेसंट झालात."

त्याला शब्द कळला नाही. विचारायचं तोंडही नव्हतं. घरी गेल्यावर त्याने धाकट्या बहिणीला विचारलं. ती शाळेत इंग्रजी शिकवायची.

"मूळ लॅटिन आहे, दादा. त्यातलं 'प्लेसेरे' म्हणजे सुखावणं, आणि 'कॉम' म्हणजे अगदी पुरेपूर. आधी चांगला शब्द होता, दुसऱ्याला सुखावणारा. पुढे अर्थ झाला, स्वतःवरच खूश असलेला."

"म्हणजे समाधानी?"

"समाधानी माणसाला समोरचं दिसतं रे. हा इतका खूश, की धोकाही दिसत नाही. का, कुणी कुणाला म्हटलं?"

"आहे एक," म्हणत तो ताटावरून उठला.

दुसऱ्या दिवशी मुलीची आई आली. मामाने मुलीला उचलून आणल्याचं तिने लोकांकडून ऐकलं होतं. "तुम्ही होतात म्हणून माझी पोर वाचली," ती हात जोडून म्हणाली.

गप्प बसणं सोपं होतं. पण ते जोडलेले हात त्याला बघवेनात.

"मी नाही वाचवलं, ताई. मी पाठ करून गप्पा हाणत होतो. आजींनी ओढलं तिला."

तिचे हात खाली आले. "मग तुम्ही इथे कशासाठी असता?"



बाईंनी त्याला ताकीद देऊन कामावर ठेवलं. पुढे किती तरी आठवड्यांनी मुलगी परत पोहायला आली. आई बाकावर बसून राहिली. तिची नजर पाण्यावर नव्हती, मामावर होती. ते त्याला न बघताही कळत होतं. पण पाण्यावरून नजर काढून तिच्याकडे बघायचा धीर त्याला झाला नाही.